सायकलवाल्याने वाचायचं काय?

गेल्या महिन्यातली गोष्ट. शनिवारची सकाळ, साडेसातचा सुमार, आणि अस्मादिक भिवंडी-वाडा रोडवर शेलारमध्ये एका पंक्चरवाल्याच्या दारात उभे. बेत तसा साधा होता. ठाण्याहून निघायचं, भिवंडी, शेलार, अंबाडी करत वज्रेश्वरी गाठायची, गरम पाण्याच्या कुंडात पाय बुडवायचे आणि जेवायच्या वेळेला घरी. पण नदीनाक्याचा पूल ओलांडून शेलारमध्ये शिरलो आणि मागचं चाक बसलं. घाईत निघताना पंप घरीच राहिला होता. (हो, माहितेय. बायकोने जे म्हणायचं ते म्हणून झालंय.)

ज्यांना शेलार माहीत नाही, म्हणजे बहुतेक सगळ्यांना, त्यांच्यासाठी: भिवंडी शहर संपता संपता हे सुरू होतं. जनगणनेच्या लेखी हे 'सेन्सस टाउन', म्हणजे धड गाव नाही आणि नगरपालिका असलेलं शहरही नाही. यंत्रमागांचा खडखडाट, डाइंगवाले, ट्रक, गोदामं. पर्यटन म्हणून इथे कुणी थांबत नाही. थांबतो तो माझ्यासारखा, नाइलाजाने.

माझ्या ट्यूबचा व्हॉल्व्ह पडला बारीक, पंक्चरवाल्याचा नळी-नोझलचा सगळा संसार ट्रकचा. तो जुगाड शोधत असताना शेजारच्या टपरीवरचा एक सतरा-अठरा वर्षांचा मुलगा येऊन उभा राहिला. नेहमीचे प्रश्न झाले. केवढ्याला घेतली? गेअर किती? ठाण्यावरून आलात? मुद्दाम? मग तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "दादा, असं सायकलवर लांब जायचं तर त्याच्यावर वाचायला काय असतं का? पुस्तक, मासिक असं? मराठीत?"

मी तोंड उघडलं आणि बंद केलं. तीन-चार इंग्रजी नावं जिभेवर आली होती. पण प्रश्नातला शेवटचा शब्द 'मराठीत' होता.

"बघून सांगतो," म्हणालो. हे आमच्या धंद्यातलं नेहमीचं उत्तर. क्लायंटने अवघड विचारलं की 'लेट मी गेट बॅक टू यू'. फरक इतकाच की या वेळी खरंच बघितलं. चार शनिवार-रविवार त्यात गेले, आणि हा लेख म्हणजे त्या पोराला द्यायचं उत्तर.

सुरुवात १८७८ पासून करू. त्या वर्षी इंग्लंडात हॅरोगेट इथे 'बायसिकल टुरिंग क्लब' स्थापन झाला. पुढे तीनचाकीवाल्यांनाही आत घ्यायचं म्हणून १८८३ मध्ये त्याचं नाव 'सायक्लिस्ट्स टुरिंग क्लब' केलं. तेव्हाची सायकल म्हणजे पुढे माणसाच्या छातीपर्यंत येणारं भलंमोठं चाक आणि मागे पिटुकलं. रेल्वे येऊन पन्नास वर्षं होत आलेली, त्यामुळे लांबच्या प्रवासाला रस्ते वापरायची सवयच मोडलेली. कुठल्या गावात खानावळ उरलीय, कुठला उतार जिवावर बेतेल, कुठे लोहार आहे, हे सांगणारं ताजं काहीच हातात नव्हतं.

मग त्या लोकांनी काय केलं? आपणच लिहिलं. क्लबचं गॅझेट निघायला लागलं. गावोगाव क्लबने आपले प्रतिनिधी नेमले, त्यांना रुबाबात 'कॉन्सल' म्हणायचे. आपल्या भागातल्या रस्त्यांची खबर देणं हे त्यांचं काम. सभासद सहलीला जायचे आणि परत आल्यावर रस्ता कसा होता ते लिहून पाठवायचे. धोकादायक उतारांच्या माथ्यावर क्लबने स्वतःच्या खर्चाने इशाऱ्याच्या पाट्यासुद्धा लावल्या. शतक संपताना या क्लबचे साठ हजारांवर सभासद होते.

जरा थांबून बघा, यात पगारी लेखक जवळपास कुणी नाही. वाचणारे तेच आणि लिहिणारेही तेच. ओपन सोर्स म्हणून आपण जे मिरवतो ते या मिशीवाल्या मंडळींनी शाई आणि पोस्टाच्या तिकिटांवर करून दाखवलं होतं. :-)

तिकडे अमेरिकेत गाडी थोडी वेगळ्या वळणाने गेली. कर्नल अल्बर्ट पोप हा 'कोलंबिया' सायकलींचा कारखानदार. त्याच्या लक्षात आलं की नुसती सायकल विकून भागत नाही, तिच्यावर बसून कुठे जायचं याची भूकही विकावी लागते. त्याने १८८२ मध्ये 'द व्हीलमन' हे मासिक काढलं. ते पुढे 'आउटिंग' नावाच्या मासिकात मिसळलं. आणि याच 'आउटिंग'ने थॉमस स्टीव्हन्सला आपला बातमीदार केलं.

स्टीव्हन्सची गोष्ट माहीत नसेल तर सांगायलाच हवी. एप्रिल १८८४ मध्ये तो सॅन फ्रान्सिस्कोहून त्या उंच चाकाच्या सायकलवर निघाला आणि ऑगस्टमध्ये बॉस्टनला पोचला. पुढच्या वर्षी युरोप, तुर्कस्तान, इराण. अफगाणिस्तानात त्याला अडवून परत पाठवलं. मग वळसा घालून समुद्रमार्गे तो कराचीला उतरला आणि लाहोरपासून कलकत्त्यापर्यंत ग्रँड ट्रंक रोडने सायकल हाणत गेला. डिसेंबर १८८६ मध्ये योकोहामाला त्याचा प्रवास संपला. सायकलवरून पृथ्वीप्रदक्षिणा करणारा हा पहिला माणूस. तो वाटेतून मजकूर पाठवायचा, मासिक छापायचं, वाचक पुढच्या अंकाची वाट बघायचे. १८८७ आणि १८८८ मध्ये त्याचे दोन जाडजूड खंड निघाले.

तात्पर्य, सायकल आणि छापील कागद ही जुळी भावंडं आहेत. आणखी दोन उदाहरणं देतो. स्कॉटलंडच्या हॅरी इंग्लिसने १८९० च्या दशकात 'कॉन्टूर रोड बुक' काढलं. त्यात प्रत्येक रस्त्याची चढ-उताराची रेघ काढलेली होती. आज मोबाइलवर जी एलेव्हेशन प्रोफाइल बघून आपण 'बापरे' म्हणतो, तीच, खिशातल्या पुस्तकात. दुसरं म्हणजे मिशेलिन गाइड. आज ते हॉटेलांच्या ताऱ्यांसाठी प्रसिद्ध आहे, पण १९०० साली ते पहिल्यांदा फुकट वाटलं गेलं ते मोटारवाल्यांसाठी आणि सायकलवाल्यांसाठी. पंक्चर कुठे काढून मिळेल, राहायला कुठे मिळेल, हा त्याचा विषय. मला शेलारात जे हवं होतं, तेच.

आता आपल्याकडे येऊ. इथे मला पहिला धक्का बसला.

१८८८ हे किर्लोस्कर समूहाचं स्थापनावर्ष. (त्याच वर्षी डनलपने हवा भरलेल्या टायरचं पेटंट घेतलं, हा योगायोग.) लक्ष्मणराव किर्लोस्करांनी भावाबरोबर जो पहिला धंदा काढला तो नांगराचा नाही आणि पंपाचाही नाही. बेळगावात सायकलचं दुकान! नांगर नंतर आले, किर्लोस्करवाडी १९१० मध्ये वसली, आणि १९२० मध्ये तिथून 'किर्लोस्कर खबर' हे पत्र निघालं. त्याचं पुढे 'किर्लोस्कर' मासिक झालं. शं. वा. किर्लोस्करांच्या संपादकपदाखाली 'किर्लोस्कर', मग 'स्त्री', 'मनोहर' या मासिकांनी दोन-तीन पिढ्यांना वाचायला शिकवलं. माझ्या आजीच्या ट्रंकेत 'स्त्री'चे अंक होते.

म्हणजे गंमत बघा. तिकडे पोपने सायकलचा कारखाना काढला आणि त्यातून मासिक निघालं. इकडेही सायकलच्या दुकानापासून सुरू झालेल्या घराण्यातून मासिकं निघाली, आणि तीही मराठीतली सगळ्यात गाजलेल्या मासिकांपैकी. पण तोवर सायकल मागे पडली होती. पोपचं मासिक सायकलवर बसून कुठे जावं ते सांगायचं. आपल्या मासिकांनी शेती, उद्योग, समाजसुधारणा, स्त्रियांचं आयुष्य असे फार मोठे विषय हाती घेतले. ते योग्यच होतं, त्या काळाला त्याची गरज जास्त होती. फक्त त्या मुलाच्या प्रश्नाचं उत्तर तिथे मिळत नाही.

मग मुंबईत शोधलं. दुसरा धक्का तिथे.

ऑक्टोबर १९२३. मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलवर निघाले. बॉम्बे वेटलिफ्टिंग क्लबचे हे गडी: आदी हकीम, जाल बापासोला, रुस्तम भूमगरा, केकी पोचखानावाला, गुस्ताद हाथीराम आणि नरीमन कापडिया. कुठे निघाले? जगाला चक्कर मारायला. इराण, इराकचं वाळवंट, सीरिया, सिनाई, युरोप, अमेरिका, जपान, कोरिया, चीन, सयाम, ब्रह्मदेश. वाटेत कापडिया इराणमधून परतले, हाथीराम अमेरिकेतच राहिले, पोचखानावालाही वेगळे झाले. उरलेले तिघे १९२८ मध्ये मुंबईत परत आले. सुमारे ७१ हजार किलोमीटर. गेअर नाही, जीपीएस नाही, क्रेडिट कार्ड नाही.

आणि हे काही एकटेच नव्हते. त्यांच्या मागोमाग १९२४ मध्ये फ्रामरोझ दावर हा क्रीडा-पत्रकार एकटा निघाला. व्हिएन्नात त्याला गुस्ताव नावाचा जोडीदार मिळाला. दोघांनी सहारा ओलांडला, दक्षिण अमेरिका गाठली, आणि सात वर्षांनी प्रवास संपला. मग १९३३ मध्ये केकी खरास, रुस्तम गांधी आणि रतन श्रॉफ निघाले ते १९४२ मध्ये परतले. ते निघाले तेव्हा हिटलर नुकताच सत्तेवर आला होता, परतले तेव्हा दुसरं महायुद्ध ऐन भरात होतं.

ही माहिती वाचताना मला अभिमान वगैरे वाटलाच, पण त्याहून जास्त लाज वाटली. मी मुंबई-ठाण्यात वाढलो. थॉमस स्टीव्हन्स मला कॉलेजपासून माहीत होता. हकीम-बापासोला-भूमगरा ही नावं मी वयाची तिशी उलटल्यावर ऐकली.

का बरं? या लोकांनी लिहिलं नाही म्हणून? छे! भरपूर लिहिलं. पहिल्या तिघांनी मिळून 'विथ सायक्लिस्ट्स अराउंड द वर्ल्ड' लिहिलं, त्याला जवाहरलाल नेहरूंची प्रस्तावना होती. दावरने सहारावर आणि अॅमेझॉनवर पुस्तकं लिहिली. खरास मंडळींनी अफगाणिस्तानच्या प्रवासावर एक स्वतंत्र पुस्तकच केलं. पण सगळं इंग्रजीत. आणि पुस्तकं एकदा छापली, संपली, की संपली. हकीम मंडळींच्या पुस्तकाची नवी आवृत्ती निघायला २००८ साल उजाडावं लागलं. पुढे गोव्यातले पत्रकार आणि सायकलस्वार अनुप बबानी व लेखिका-चित्रकार साविया व्हिएगास यांनी या सगळ्यांचे जुने फोटो, पुस्तकं, आठवणी शोधून प्रदर्शन केलं, 'द बायसिकल डायरीज' हे पुस्तक केलं, तेव्हा कुठे वर्तमानपत्रांना जाग आली. ज्यांनी आयुष्यातली चार, सात, नऊ वर्षं सायकलवर काढली, त्यांना त्यांच्याच शहराने विसरावं आणि मग घरोघरी फिरून त्यांचे फोटो गोळा करायची वेळ यावी!

शेजारच्या बंगालीत काय झालं ते बघा. डिसेंबर १९२६ मध्ये बिमल मुखर्जी कलकत्त्याहून सायकलवर निघाले आणि १९३७ मध्ये परतले. त्यांचं 'दु चाकाय दुनिया' हे पुस्तक कित्येक दशकांनी आलं, पण बंगालीत आलं आणि लोकांनी ते वाचलं. रामनाथ विश्वास हा दुसरा अवलिया, त्याने तर सायकलवरच्या भटकंतीवर बंगालीत पुस्तकांची रांगच लावली. त्यामुळे कलकत्त्याच्या पोराने तोच प्रश्न विचारला तर त्याला सांगायला निदान दोन नावं तरी आहेत.

मराठीत सायकलवरून फिरणारे नव्हते असं मुळीच नाही. पुण्याला तर 'सायकलींचं शहर' म्हणायचे. बाबा आमट्यांच्या १९८५ च्या 'भारत जोडो' यात्रेत शंभराहून जास्त तरुण-तरुणी कन्याकुमारीपासून काश्मीरपर्यंत सायकलवर गेले. २०१८ मध्ये पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीने वयाच्या विसाव्या वर्षी २९ हजार किलोमीटरची पृथ्वीप्रदक्षिणा १५९ दिवसांत पुरी केली. पाय आपल्याकडे आहेत हो. वही कमी पडते.

वहीचा विषय निघालाच आहे तर एक कबुली देऊन टाकतो. हा लेख लिहायचं खरं कारण तेच आहे.

माझे बाबा १९७४ च्या दिवाळीच्या सुट्टीत दोन मित्रांबरोबर ठाण्याहून नाशिकला सायकलवर गेले होते. काळी हर्क्युलस, मागे कॅरियरला वळकटी. जुना आग्रा रोड, भिवंडीवरून पडघा, शहापूर, कसारा घाट, इगतपुरी. त्या प्रवासाची त्यांनी एका शंभर पानी वहीत नोंद ठेवली होती. कुठे मुक्काम केला, कुठल्या देवळात झोपायला मिळालं, चहा कितीला, कुठल्या गावात सायकलचं दुकान होतं, चढ कुठे लागला. लहानपणी मी ती वही चाळली होती. मधल्या पानावर घाटाचं चित्र होतं, बाबांनी बॉलपेनने काढलेलं. त्यांना चित्रकला येत नाही. घाट मांजरीच्या शेपटीसारखा दिसायचा.

२००६ मध्ये आम्ही डोंबिवलीचं घर सोडून ठाण्याला आलो. मी नोकरीला नवा, सुट्टी दोन दिवसांची, मूव्हर्सचा ट्रक खाली उभा. माळ्यावरचे सगळे गठ्ठे मी रद्दीवाल्याला देऊन टाकले. न बघता. आठवड्याने बाबांनी सहज विचारलं, "ती वही कुठल्या खोक्यात आहे रे?"

मी धावत रद्दीवाल्याकडे गेलो. तो म्हणाला, "माल गेला साहेब, भिवंडीला." भिवंडीला कुठे? त्याने हात हवेत फिरवला. तरीही मी गेलो. एका गोदामात कागदाचे गठ्ठे छतापर्यंत रचलेले होते. आत शाळेच्या वह्या, परीक्षेचे पेपर, मासिकं, लग्नपत्रिका, कुणाकुणाचं काय काय. तिथला माणूस हसलासुद्धा नाही, त्याला माझी कीव आली असावी. दहा मिनिटं तिथे उभा राहिलो आणि परत आलो. बाबा काही बोलले नाहीत. तेव्हाही नाही आणि नंतरही कधी नाही.

त्यामुळे मुंबईने हकीम-बापासोलांना विसरलं म्हणून नाक मुरडायचा मला फारसा अधिकार नाही. विसरणं असंच होतं. कुणी ठरवून करत नाही. ट्रक खाली उभा असतो, इतकंच.

असो. मुलाच्या प्रश्नाकडे परत येतो. मराठीत सायकल-पर्यटनाचं मासिक हातात ठेवता येत नाही, ठीक आहे. पण शेलारमधून सायकल काढणाऱ्या मुलाला उपयोगी पडेल असं काहीच नाही का? तर आहे. आणि ते अशा ठिकाणी आहे जिथे सायकल हा शब्दही सापडायचा नाही.

बॉम्बे प्रेसिडेन्सीचं गॅझेटियर. खंड तेरा आणि चौदा, ठाणे जिल्हा, १८८२. जेम्स कॅम्पबेल हा संपादक. पंडित भगवानलाल इंद्रजींसारखा माणूस त्याच्या मदतीला होता, ज्यांनी त्याच वर्षी सोपाऱ्याचा स्तूप उकरून काढला. चौदावा खंड पूर्ण 'स्थळां'चा आहे. त्यात भिवंडी आहे, जवळचं लोनाडचं लेणं आहे, माहुलीचा किल्ला आहे, आणि 'वज्राबाई' म्हणून आपली वज्रेश्वरीसुद्धा आहे. वसईची मोहीम फत्ते झाली तर देऊळ बांधीन असा चिमाजी अप्पांनी नवस केला, १७३९ मध्ये वसई पडली आणि देऊळ झालं, ती ही वज्रेश्वरी. म्हणजे ज्या कुंडात पाय बुडवायला मी निघालो होतो तिथे एक अख्खी मोहीम येऊन थांबते.

सरकारच्या दर्शनिका विभागाने जुनी गॅझेटियरं आता संगणकावर आणली आहेत, फुकट वाचता येतात. इंग्रजी आहे, पण हाताशी शब्दकोश ठेवला तर जमतं. आणि वाचताना एक गोष्ट जाणवली. हे पुस्तक ज्या काळात लिहिलं त्या काळात साहेब घोड्यावरून फिरायचा आणि त्याचं सामान बैलगाडीतून यायचं. अमकं गाव तमक्यापासून इतके मैल, अशी प्रत्येक नोंदीची सुरुवात. त्या वेगाच्या माणसाला मधली गावं दिसतात. मोटारीच्या काळातली गाइडबुकं ठाण्याहून उडी मारतात ती थेट नाशिकला. सायकलचा वेग घोड्याला जवळचा. म्हणून सव्वाशेहून जास्त वर्षं जुनं पुस्तक आपल्याला कालच्या पर्यटन-पुस्तिकेपेक्षा नीट बसतं. रस्ते बदलले, पण डोंगर, नद्या, देवळं, लेणी जागच्या जागी आहेत.

आणि खास मराठीत हवं असेल तर विष्णुभट गोडसे यांचा 'माझा प्रवास'. पेणजवळच्या वरसई गावचा हा गरीब भिक्षुक १८५७ मध्ये पायी उत्तरेत गेला आणि बंडाच्या ऐन धामधुमीत सापडला, झाशीचा पाडाव त्याने डोळ्यांनी बघितला. हे सगळं आपण इतिहास म्हणून वाचतो. एकदा प्रवासी म्हणून वाचून बघा. मुक्काम कुठे केला, खायला काय मिळालं, पैसे कुठे लपवले, लुटलं कुणी, अनोळखी गावात कुणी आसरा दिला. लांब पल्ल्याच्या सायकलवाल्याचे सगळे प्रश्न त्यात आहेत, फक्त चाकं नाहीत. आणि हेही लक्षात घ्या की त्याने हे लिहिलं परतल्यावर पंचवीसेक वर्षांनी, तेही कुणीतरी लिहायला सांगितलं म्हणून. चिंतामणराव वैद्यांनी ते छापलं १९०७ मध्ये, भाषेला आपला हात फिरवून. मूळ लेखनाबरहुकूम पुस्तक यायला १९६६ साल लागलं, दत्तो वामन पोतदारांनी ते केलं. एका वहीचा केवढा हा प्रवास. कुणीतरी माळा साफ करताना ती देऊन टाकली असती तर?

आयर्लंडच्या डर्व्हला मर्फीचंही तसंच. १९६३ मध्ये ही बाई एकटी सायकलवर युरोपातून दिल्लीपर्यंत आली. रोज रात्री कितीही दमली तरी डायरी लिहायची आणि ती मित्रमंडळींना पोस्टाने पाठवून द्यायची. त्या डायरीतून १९६५ मध्ये 'फुल टिल्ट' झालं. पुस्तक लिहायचं म्हणून डायरी नव्हती. डायरी होती म्हणून पुस्तक झालं.

चार शनिवार-रविवार खर्चून मला जे कळलं ते एवढंच आहे. सायकलवाल्याचं वाचन हे बाजारात तयार मिळत नाही, कधीच मिळत नव्हतं. आपल्याआधी त्या रस्त्याने गेलेल्या कुणीतरी ते लिहून ठेवलेलं असतं. आणि पुढच्याच्या हातात पडेपर्यंत दुसऱ्या कुणीतरी सांभाळलेलं असतं. लिहिणं आणि सांभाळणं, दोन्ही लागतं. आपल्या ऑफिसात डॉक्युमेंटेशन न लिहिता प्रोजेक्ट सोडून जाणाऱ्याला आपण काय काय शिव्या घालतो आठवा. आणि मग दर रविवारी चाळीस-पन्नास किलोमीटर हाणून आल्यावर आपण मागे काय ठेवतो? हेल्मेट घातलेला एक फोटो.

तर मी दोन गोष्टी सुरू केल्यात. पहिली, बाबांना घेऊन बसलोय. पंचाहत्तरीच्या पुढे आहेत, पण रस्ता त्यांना तोंडपाठ आहे. मला वाटलं होतं त्यांना वहीवरून वाईट वाटेल, तर उलट खुलले. पहिलं वाक्य त्यांनी सांगितलं, "लिही. घाटात सायकली ढकलत नेल्या. चालवल्या नाहीत. ते आधी लिही, उगाच फुशारकी नको." चहाचा भाव त्यांना आता आठवत नाही. तो गेला तो गेला. घाटाचं चित्र मात्र पुन्हा काढून दिलं. अजूनही मांजरीची शेपटीच.

दुसरी, ठाणे ते वज्रेश्वरी रस्त्याची नोंद. अगदी जुन्या गॅझेटसारखी. कुठे काय, किती किलोमीटरवर, पाणी कुठे, पंक्चर कुठे, सावली कुठे, ट्रक कुठल्या वेळेला कमी. मराठीत, दोन पानं.

मागच्या शनिवारी ती दोन पानं, गॅझेटियरमधल्या भिवंडी आणि वज्राबाईच्या नोंदींचे प्रिंटआउट आणि 'माझा प्रवास'ची एक प्रत घेऊन शेलारला थांबलो. मुलगा टपरीवरच होता. पुस्तक त्याने उलटंपालटं करून बघितलं, 'वाचतो' म्हणाला आणि बाजूला ठेवलं. मग माझी दोन पानं हातात घेतली आणि शेलार ते अंबाडीचा भाग बोट ठेवून वाचायला लागला. तिसऱ्या ओळीला थांबला.

"दादा, हा हातपंप लिवलाय ना तुम्ही, तो बंद हाय. दोन वर्षं झाली. तुम्ही नुसता लांबून बघितला असंल."

खरं होतं. लांबूनच बघितला होता.

"मग पाणी?"

"देवळाच्या मागं नळ हाय. पण दुपारी नाय येत. सकाळी नऊच्या आत."

त्याने टपरीवाल्याकडून पेन मागून घेतलं, हातपंपावर काट मारली, आणि बाजूला बारीक अक्षरात नळाचं लिहिलं. खाली आणखी तीन ओळी लिहिल्या, त्यातल्या दोन मला माहीतच नव्हत्या.

तो कागद मी घडी घालून पाकिटात ठेवलाय. आज संध्याकाळी टाइप करीन, आणि या वेळी दोन प्रती काढीन.